साइटवरच्या माणसाच्या फोनवर ड्रॉइंग नीट पोहोचण्यासाठी : निघण्यापासून परतण्यापर्यंतचा क्रम

नाशिकजवळच्या अंबडच्या ऑफिसातून सकाळी ड्रॉइंग पाठवले, व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसल्या, आणि तरीही दिंडोरीच्या साइटवर बेसप्लेटची (खांबाच्या तळाशी बसणाऱ्या लोखंडी प्लेटची) भोके जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पडली, असे आमच्याकडे घडलेले आहे. नव्या ड्रॉइंगमध्ये भोकांमधले अंतर १८० मिमी होते, प्लेटवर ते १६० निघाले, आणि चार खांबांच्या सोळा भोकांचे काम वाया गेले. सुपरवायझरने निष्काळजीपणा केला नव्हता. त्याने मेसेज उघडला, फाइलचे पहिले पान लहान चित्राच्या रूपात दिसले, आणि फाइल आली असे त्याने धरले. प्रत्यक्षात त्या चित्रावर डाउनलोडचा बाण तसाच होता. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नव्हती, म्हणून त्याने फोनमध्ये आधीपासून असलेली त्याच नावाची फाइल उघडली, आणि ती आधीच्या रिव्हिजनची, म्हणजे बदल होण्यापूर्वीच्या आवृत्तीची, होती.

निळ्या खुणा मेसेज पाहिल्याचे सांगतात. फाइल फोनमध्ये उतरल्याचे सांगत नाहीत. हाच गोंधळ मी फिटर, सर्व्हिस इंजिनिअर, पॅकहाउसचे (शेतमाल निवडून पॅक करण्याच्या केंद्राचे) फिरते कर्मचारी आणि मालासोबत जाणारे चालक अशा सगळ्यांकडे वारंवार पाहतो, आणि त्यातला निम्मा दोष कागद पाठवणाऱ्याचा असतो. म्हणून पुढे जिथे जिथे ‘कागद मिळाला’ असे म्हटले आहे, तिथे तीन अटी एकत्र पूर्ण झाल्या असे समजावे : नेटवर्क पूर्ण बंद असताना फाइल शेवटच्या पानापर्यंत उघडते, तिच्यातला बारीकात बारीक आकडा वाचता येतो, आणि ती चालू रिव्हिजन आहे.

टप्पा १ : फोन आणि सोबतचे सामान

या कामासाठी महागडा फोन लागत नाही, पण घरात पडून असलेला २ जीबी रॅमचा जुना फोन साइटवर देणे हीसुद्धा काटकसर नव्हे. मोठी पीडीएफ झूम करताना तो अडकतो, आणि माणूस कंटाळून अंदाजाने काम करतो. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, साडेसहा इंचांच्या आसपासचा पडदा आणि ५००० एमएएचची बॅटरी एवढे असले की पुरते. मेमरी कार्डाची जागा असल्यास उत्तम. जो सुपरवायझर दिवसभर ए१ आकाराची ड्रॉइंग पाहतो, त्याच्यासाठी फक्त वायफायवर चालणारा दहा इंची टॅब घ्यावा आणि तो फोनच्या हॉटस्पॉटवर चालवावा. वेगळे सिम लागत नाही.

सिम मात्र दोन कंपन्यांची असावीत. सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात हा प्रश्न फारसा येत नाही, पण इगतपुरी, कसारा घाट, हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूला एका कंपनीची रेंज जाते तिथे दुसरीची कधी कधी सापडते. पॉवरबँक घेताना हे लक्षात ठेवावे की १०,००० एमएएच ही आतल्या सेलची क्षमता असते. व्होल्टेज वाढवताना होणारा ऱ्हास धरला तर फोनला त्यातले साधारण ६,००० ते ६,५०० मिळते. म्हणजे ५००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा, एवढाच हिशेब धरावा. शिवाय एक ओटीजी (थेट फोनला जोडता येणारा) पेनड्राइव्ह, आणि पावसाळ्यात फोनसाठी झिप असलेली पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवावी. पातळ प्लास्टिकमधून टच चालतो, ओल्या बोटांनी मात्र तो भरकटतो.

टप्पा २ : पाठवणाऱ्याशी आधी ठरवून घेणे

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच येतात. काम सुरू होण्यापूर्वी ऑफिसमधला पाठवणारा आणि साइटवरचा घेणारा यांनी समोरासमोर बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट मार्गाची. कागद एकाच मार्गाने यावा. काही ड्रॉइंग ईमेलवर, काही ग्रुपवर, काही मालकांनी थेट फॉरवर्ड केलेली, अशी स्थिती असेल तर चालू रिव्हिजन कोणती हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. व्हॉट्सॲप ठरले तर त्या जॉबचा वेगळा ग्रुप करून त्यात फक्त कागद आणि पोच एवढेच टाकावे. शुभेच्छा, हजेरी, डिझेलची बिले यांसाठी दुसरा ग्रुप असावा. ईमेल ठरला तर जीमेलची जोडफायलींची मर्यादा २५ एमबी आहे हे माहीत असावे. त्यापुढची फाइल ड्राइव्हच्या लिंकच्या रूपात जाते, आणि लिंकची परवानगी दिली नसेल तर साइटवरच्या माणसाला फाइलऐवजी ‘परवानगी मागा’ असा पडदा दिसतो. ऑफिसमधल्या फोनवर लिंक उघडते म्हणून ती साइटवरही उघडेल असे धरू नये, कारण ऑफिसच्या खात्याला ती परवानगी आधीच असते.

दुसरी गोष्ट स्वरूपाची. साइटवर जाणारा प्रत्येक कागद पीडीएफ असावा. एक्सेलचे तक्ते फोनवर अर्धे कापले जातात, आणि वर्डच्या मराठी फाइलींचे तर हालच होतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कामाची सूचना फोनवर उघडली की मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात आणि तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. टाइप करणाऱ्याच्या संगणकावर सगळे व्यवस्थित दिसत असल्यामुळे त्याला साइटवरची तक्रार खोटी वाटते. त्याच संगणकावर पीडीएफ काढून पाठवली, तर फॉन्ट फाइलीत बसून येतो आणि प्रश्न मिटतो.

ड्रॉइंग असेल तर ते कॅडमधून, म्हणजे ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढले त्यातूनच, थेट पीडीएफ करून घ्यावे. छापून पुन्हा स्कॅन केलेले घेऊ नये. थेट काढलेल्या पीडीएफमध्ये रेषा रेषाच राहतात, त्यामुळे कितीही झूम केले तरी आकडा फुटत नाही, आणि फाइलही बहुधा स्कॅनच्या मानाने कितीतरी लहान असते. फाइलचा आकार महत्त्वाचा का, ते हिशेबाने पाहावे. वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट. म्हणून २० एमबीची फाइल १ एमबीपीएस वेगाने उतरायला १६० सेकंद लागतात. त्र्यंबकच्या पुढे एखाद्या ठिकाणी तोच वेग २०० केबीपीएसवर आला, तर तेरा मिनिटांहून अधिक. तेरा मिनिटे रेंज सलग टिकणे अवघड असते. दहा शीटची एक जाड फाइल पाठवण्याऐवजी प्रत्येक शीट वेगळी पाठवावी, म्हणजे एक अडकली तरी बाकीच्या हातात राहतात.

तिसरी गोष्ट नावाची. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल लास्ट’ ही नावे मी स्वतः एका जॉबच्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पाहिली आहेत. नावात जॉब नंबर, शीट नंबर, रिव्हिजन आणि तारीख याच क्रमाने यावे, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी, कारण तसे केले की फोनमधली यादी आपोआप काळानुसार लागते. शून्यासह दोन अंकी रिव्हिजन लिहिली, म्हणजे ०१, ०२, तर १० नंतर यादी उलटी होत नाही.

सावधान : ड्रॉइंगचा फोटो किंवा स्क्रीनशॉट कागद म्हणून स्वीकारू नये. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते आणि बारीक आकडे पुसट होतात. शिवाय स्क्रीनशॉटमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक (शीट नंबर आणि रिव्हिजन लिहिलेली चौकट) बहुधा कापलेला असतो, म्हणजे रिव्हिजन तपासण्याचा मार्गच उरत नाही. फोटोच पाठवण्याची वेळ आली, तर तो ‘डॉक्युमेंट’ या पर्यायातून पाठवावा आणि टायटल ब्लॉकसह काढावा.

टप्पा ३ : फोनची मांडणी

हे काम एकदाच करायचे आहे आणि ते ऑफिसच्या वायफायवर बसून करावे.

१. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये साठवण आणि डेटा या भागात जाऊन मोबाइल डेटावर आपोआप उतरणाऱ्या गोष्टींमधून फोटो, ऑडिओ आणि व्हिडिओ काढावेत, आणि फक्त डॉक्युमेंट ठेवावेत. बहुतेक फोनमध्ये नेमके उलटे असते. लग्नाचे फोटो उतरतात आणि ड्रॉइंग बाणावर थांबून राहते.

२. डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर यांतून व्हॉट्सॲप व जीमेलला सूट द्यावी. ती दिली नाही, तर ॲप उघडेपर्यंत काहीच येत नाही, आणि साइटवर पोहोचून ॲप उघडेपर्यंत रेंज मागे राहिलेली असते.

३. पीडीएफ उघडण्यासाठी एकच ॲप कायमचे निवडावे आणि त्यात झूम, पान शोधणे व पडदा आडवा करणे याचा सराव करावा.

४. फोनच्या फाइल्स ॲपमध्ये जॉब नंबरचे फोल्डर करावे आणि त्यात ‘चालू’ व ‘जुनी’ असे दोन उपफोल्डर ठेवावेत. काम करताना फक्त ‘चालू’मधूनच फाइल उघडायची, चॅटमधून कधीही नाही. आमच्या त्या सोळा भोकांनंतर एवढा एकच नियम आम्ही सक्तीचा केला.

५. ड्राइव्ह वापरत असाल तर प्रत्येक फाइलवर ‘ऑफलाइन उपलब्ध’ हा पर्याय स्वतंत्रपणे चालू करावा. यादीत नाव दिसते याचा अर्थ फाइल फोनमध्ये आहे असा होत नाही.

तपासणी : साठवणीत किमान ५ जीबी जागा मोकळी आहे का, हे पाहावे. जागा भरलेली असेल तर डाउनलोड सुरू होऊन अर्ध्यावर तुटते, आणि रेंजला दोष दिला जातो.

टप्पा ४ : निघण्यापूर्वी, गाडीला किल्ली लावण्याआधी

येथे क्रम बदलू नये. आधी ग्रुपमधल्या सगळ्या फाइली उतरवाव्यात. मग त्या शेअर किंवा सेव्हच्या पर्यायाने जॉबच्या ‘चालू’ फोल्डरमध्ये घ्याव्यात आणि त्याच शीटची आधीची रिव्हिजन ‘जुनी’मध्ये हलवावी. त्यानंतर फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि वायफायही बंद झाल्याची खात्री करावी, कारण काही फोनवर ते चालूच राहते. आता ‘चालू’मधली प्रत्येक फाइल उघडून शेवटच्या पानावर जावे, टायटल ब्लॉकमधली रिव्हिजन वाचावी आणि सगळ्यात बारीक माप झूम करून मोठ्याने वाचावे.

झूम करून वाचण्याचा आग्रह उगाच नाही. ए१ शीट ८४१ × ५९४ मिमीची असते, आणि साडेसहा इंची फोन आडवा धरला तरी पडद्याची उंची जेमतेम ६८ मिमी भरते. म्हणजे पूर्ण शीट पडद्यावर बसवली की ती जवळजवळ नऊ पटींनी लहान होते, आणि ड्रॉइंगवरचे अडीच मिमी उंचीचे अक्षर ०.३ मिमीच्या खाली येते. त्या अवस्थेत ६ आणि ८ सारखेच दिसतात, १६० आणि १८० यांत फरक उरत नाही. पूर्ण शीट फक्त दिशा आणि जागा समजण्यासाठी पाहावी. माप वाचताना तो भाग पडदाभर मोठा केलाच पाहिजे.

फाइल उघडली नाही, तर ती ऑफिसातच उघडली नाही हे चांगलेच झाले. एअरप्लेन मोड काढून ती पुन्हा मागवावी.

छापील प्रत याच टप्प्यावर काढावी. झेरॉक्सच्या दुकानात ए१ शीट ए३ वर छापली की तिची लांबी-रुंदी निम्मी होते, त्यामुळे १:५० चे ड्रॉइंग प्रत्यक्षात १:१०० होते, पण कोपऱ्यात छापलेले ‘१:५०’ तसेच राहते. अशा प्रतीवर पट्टी लावून माप काढू नये. लिहिलेले माप तेवढे खरे धरावे. प्रत्येक छापील प्रतीवर तारीख आणि रिव्हिजन पेनाने मोठ्या अक्षरांत लिहावी.

टप्पा ५ : पोच देणे

अंगठ्याचे चिन्ह ही पोच नव्हे, ‘ओके सर’ हीही नव्हे. पोच देताना फाइल उघडल्याशिवाय लिहिताच येणार नाही असे काहीतरी त्यात असले पाहिजे. आमच्याकडे पोच अशी येते : शीट नंबर, रिव्हिजन, एकूण पाने, आणि ऑफिसने विचारलेले एक माप. म्हणजे ऑफिस फाइलीसोबत लिहिते, ‘शीट ०४, भोकांमधले अंतर कळवा’, आणि साइटवरून उत्तर येते, ‘शीट ०४, रिव्हिजन ०२, एक पान, अंतर १८०’. सुरुवातीला काही जुन्या फिटरांना ही आपली परीक्षा वाटली. त्यांना मी शांतपणे सांगितले की ही परीक्षा फाइलची आहे, तुमची नाही, आणि मग कोणी तक्रार केली नाही.

पोच येईपर्यंत ऑफिसने कागद दिला असे समजू नये, आणि साइटने त्या शीटचे काम सुरू करू नये.

टप्पा ६ : साइटवर असताना नवी रिव्हिजन आली तर

खरी कसोटी इथे लागते. कोल्ड स्टोरेजच्या पफ पॅनेलला (मध्ये फोम भरलेल्या भिंतीच्या फलकाला) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यामुळे आत गेले की रेंज जाते. तळघरात आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्येही तेच. म्हणून नवी रिव्हिजन पाठवली की ऑफिसने आधी साधा फोन करून ‘शीट ०४ थांबवा’ एवढे सांगावे, फाइल नंतर. फोन लागत नसेल तर एसएमएस करावा. जिथे डेटा चालत नाही, तिथेही तो बऱ्याचदा पोहोचतो.

साइटवरच्या माणसाने फाइल घेण्यासाठी उघड्यावर यावे, दुसरे सिम डेटासाठी निवडून पाहावे, आणि डाउनलोडचा बाण जाऊन फाइल उघडेपर्यंत जागा सोडू नये. मग टप्पा ४ मधला क्रम पुन्हा करायचा : ‘चालू’मध्ये घेणे, आधीची हलवणे, एअरप्लेन मोडवर उघडणे. पाच मिनिटे जातात, ती जाऊ द्यावीत.

साइटवर तीन-चार जणांना तीच फाइल हवी असेल, तर सगळ्यांनी रेंज शोधत फिरण्याची गरज नाही. एकाच्या फोनमध्ये फाइल आली की अँड्रॉइडमधल्या क्विक शेअरने ती शेजारच्या फोनवर इंटरनेटशिवाय जाते. ब्लूटूथ आणि वायफाय चालू ठेवावे लागते, एवढेच. ज्यांच्या फोनवर ते जमत नाही, त्यांच्यासाठी ओटीजी पेनड्राइव्ह आहे. देणाऱ्याने मिळालेली मूळ फाइलच द्यावी, स्क्रीनशॉट नव्हे.

फाइल कशीही येत नसेल आणि काम थांबवणे शक्यच नसेल, तर माप फोनवर सांगावे, पण आकडे सुटे सुटे सांगावेत. मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ खराब रेंजमध्ये एकच ऐकू येतात, आणि ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ की ‘एकोणनव्वद’ यात घोटाळा न झालेला माणूस मला भेटलेला नाही. म्हणून १७९ हे ‘एक, सात, नऊ’ असे सांगावे, ऐकणाऱ्याने छापील प्रतीवर लाल पेनाने लिहावे आणि परत वाचून दाखवावे, आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच फोन ठेवावा. अशा मापावर कापणे किंवा भोक पाडणे टाळावे. मार्किंगपर्यंत थांबावे आणि फाइल पाहिल्यावर पुढे जावे.

सावधान : कामाच्या ग्रुपवर एपीके प्रकारची फाइल आली तर ती उघडू नये, मग नाव चलनाचे असो, बिलाचे असो की ड्रॉइंगचे. कागद पीडीएफमध्ये येतो. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारे ॲप. आरटीओ चलनाच्या नावाने अशा फाइली पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार झाले आहेत, आणि ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच फसलेला असू शकतो. चुकून उघडली गेली तर फोनचा डेटा ताबडतोब बंद करावा, बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा.

उन्हाळ्यात फोन मोटारसायकलच्या टाकीवरच्या पारदर्शक पाऊचमध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. तापलेला फोन पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी नेमका ड्रॉइंग उघडताना बंद पडतो.

टप्पा ७ : परतल्यावर

संध्याकाळी ‘चालू’ आणि ‘जुनी’ ही दोन्ही फोल्डर मेमरी कार्डावर किंवा ऑफिसच्या संगणकावर उतरवावीत. व्हॉट्सॲपमधली फाइल ही साठवण नव्हे; जागा करण्यासाठी कोणी चॅट साफ केले, की तीही जाते. ‘जुनी’मधल्या फाइली बिल पास होईपर्यंत काढून टाकू नयेत, कारण कोणत्या दिवशी कोणती रिव्हिजन हातात होती हा वाद बिलाच्या वेळीच निघतो.

काम सोडून जाणाऱ्या माणसाचा फोन स्वतःचा असेल, तर जॉबचे फोल्डर त्याच्यासमोर बसून काढावे आणि त्याला ग्रुपमधून व ड्राइव्हच्या परवानगीतून त्याच दिवशी वगळावे.

साइटवर लाल पेनाने खुणा केलेल्या छापील प्रतीचा पूर्ण फोटो, टायटल ब्लॉकसह, डॉक्युमेंट म्हणून ऑफिसला पाठवावा आणि मूळ प्रत दुसऱ्या दिवशी हातोहात द्यावी. ती जॉबच्या फाइलीत लागल्याशिवाय ऑफिसने त्या शीटची पुढची रिव्हिजन काढू नये.